आठाचा उजवा अर्धा

लातूरला मुलांच्या क्लाससाठी येऊन राहिलेल्या आयांना नाव नसतं, गाव असतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर देगलूरवाल्या, सगळ्यात वर माहूरवाल्या, आमच्या दारासमोर उदगीरवाल्या भाभी आणि मी नांदेडवाल्या ताई. एका जिन्यानं चढलो-उतरलो, एकमेकींचं विरजण वापरलं, पण कुणाचं आधार कार्डावर काय नाव आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. गावानं हाक मारली की बाई बाहेर यायची. काम भागत होतं.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात मूल दहावीला बऱ्या मार्कांनी पास झालं की त्याला लातूरला 'टाकतात'. शब्द हाच आहे; विटा भट्टीत टाकाव्यात तसा. तिथं दोन वर्षं क्लास करून डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' नावाची परीक्षा द्यायची. मुलाला मेसचं जेवण पचलं नाही, किंवा आईला ते पचणार नाही असं वाटलं, की आई मागोमाग येते. बाप गावाकडं दुकान-शेत-नोकरी सांभाळतो आणि अधूनमधून एसटीनं येऊन डोकावतो. आई दोन खोल्या भाड्यानं घेते, एक कुकर आणि तीन गाद्या आणते आणि गप्प बसते.

गप्प बसणं हेच तिथलं मुख्य काम. इमारतीत टीव्ही कुणाकडंच नव्हता. कुकरच्या शिट्टीला बंदी नव्हती, पण तिसरी शिट्टी झाली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खोकायचं. मिक्सर मुलं क्लासला गेल्यावरच लावायचा. त्यामुळं ती गेली रे गेली की सगळ्या मजल्यांवरचे मिक्सर एकदम सुरू व्हायचे आणि इमारत दाळमिलसारखी घरघरायची. हसायचं असेल तर गच्चीवर जायचं. मी आणि भाभी रोज जायचो.

भाभींच्या मिस्टरांचं उदगीरला कापडाचं दुकान. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात. भाभी एका दमात मराठी आणि दखनी दोन्ही बोलायच्या आणि कुठली कधी संपली ते त्यांनाही कळायचं नाही. त्या स्कूटी चालवायच्या. बाकी आम्ही सगळ्या ऑटोनं किंवा पायी.

माझ्या मुलीची पहिली नीट पडली. पडली म्हणजे अगदी आपटली नाही; पण जेवढे मार्क हवे होते आणि जेवढे आले, त्यांच्यामध्ये एक अख्खा तालुका बसला असता. ती दोन दिवस भिंतीकडं तोंड करून झोपली. तिसऱ्या दिवशी उठली, अंघोळ केली आणि म्हणाली की मला आता हे करायचं नाही, आपण नांदेडला जाऊ, मी बीएस्सी करते. तिच्या वडिलांना फोन लावला तर ते म्हणाले, काही हरकत नाही, या. इतक्या लवकर हरकत नाही म्हणणारा माणूस पाहिला की मला संशय येतो. दोन वर्षं ते खिचडी खाऊन राहिले होते. त्यांना मुलीच्या करिअरपेक्षा भाकरीची ओढ जास्त लागली होती, आणि त्यात चूक काही नाही, पण मी तिथं ते बोलून दाखवलं नाही.

मी मुलीला सांगितलं, एक वर्ष अजून. चिकाटी धरावी लागते. सगळं पहिल्या झटक्यात मिळत नाही. हे मी माझ्या मनानं बोलत होते असंही नाही. लातुरात ज्या रस्त्यानं जाल त्या रस्त्यावर क्लासच्या भिंतींवर चिकाटीची वाक्यं लिहिलेली असतात, आणि प्रत्येक वाक्याशेजारी डोंगर चढणाऱ्या माणसाचं चित्र. गावात डोंगर एकही नाही, भिंतींवर मात्र रांगा आहेत. दोन वर्षं वाचून वाचून ती वाक्यं माझ्या तोंडात बसली होती.

मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आई, तू कशात नापास झालीस कधी?"

मी विचार केला. बीए पास. शिवणकामाचा कोर्स पास. लग्न पहिल्याच स्थळाला ठरलं. खरंच नव्हते झाले.

"नापास व्हायला काहीतरी अवघड करावं लागतं," ती म्हणाली. "तुला काय माहीत चिकाटी काय असते ते. तू स्कूटी तरी शिक. लायसन काढ. बाबांच्या ओळखीनं नाही, परीक्षा देऊन. तू सोडलंस की मी पण सोडणार. आपण दोघी नांदेडला जाऊ."

तिला माझी खात्री होती, म्हणूनच तिनं ही अट घातली. ती पाचवीत असताना तिच्या वडिलांनी मला स्कूटी शिकवायचा प्रयत्न केला होता. मी पोस्टाच्या पेटीला धडकले होते आणि त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघत नव्हता. म्हणजे पोरीनं अभ्यास करून अट घातली होती. एवढा अभ्यास पेपरात केला असता तर.

मी हो म्हटलं. म्हणावंच लागलं. नाही म्हटलं असतं तर भिंतीवरची सगळी वाक्यं खोटी पडली असती आणि आम्ही त्याच आठवड्यात टेम्पो केला असता.

ही अट भाभींना गच्चीवर सांगितली तर त्या आधी पोटभर हसल्या आणि मग म्हणाल्या, "फिकर नक्को करू ताई. मैं हूं ना. उद्या सकाळी सहाला खाली या. साडी नको, ड्रेस घाला."

शहराच्या कडेला प्लॉटिंग पाडलेलं होतं. म्हणजे सिमेंटचे रस्ते तयार, विजेचे खांब उभे, घर एकही नाही. लातुरातल्या अर्ध्या बायका अशाच रस्त्यांवर गाडी शिकल्या असतील. भाभींनी मला गाडीवर बसवलं, मागं धरून पळाल्या, आणि मी सरळ गेले. सरळ जायला मला कधीच अडचण आली नाही. कोपरा आला तशी मी उजवीकडं वळले, आणि वळता वळता गाडीनं स्वतःचा विचार केला आणि मला बाभळीच्या झुडपात नेऊन ठेवलं. काटे काढायला भाभींना बराच वेळ लागला. त्या मोठ्या बहिणीच्या मायेनं काटे काढत होत्या आणि खांदे हलवून हसत होत्या.

दुसऱ्या फेरीला मी डावीकडं वळले. काही झालं नाही. मग पुन्हा डावीकडं. प्लॉटिंगचा रस्ता चौकोनी होता, त्यामुळं डावीकडं वळत राहिलं की माणूस परत भाभींपाशी यायचा. महिन्याभरात मी इतक्या सफाईनं फिरायला लागले की भाभी कट्ट्यावर बसून मोबाइल बघायच्या आणि मी समोरून गेले की नुसता हात वर करायच्या. मग भाभींचीच गाडी घेऊन रस्त्यावर आले. घरातून क्लास, क्लासवरून भाजी मंडई, मंडईतून घर. मुलीला मागं बसवून सोडायला लागले. हॉर्न वाजवायला शिकले. एकदा एका ऑटोवाल्याला रागवलेसुद्धा. मला वाटलं, झालं.

माझा पत्ता नांदेडचा, म्हणून परीक्षाही नांदेडला द्यायचं ठरवलं. शिकाऊ लायसन काढलं आणि पुरेसे दिवस गेल्यावर एसटीनं निघाले. अहमदपूर, लोहा, नांदेड. नवरा स्टँडवर शेजाऱ्यांची स्कूटी घेऊन उभा होता. परीक्षेच्या मैदानात जमिनीवर पांढऱ्या पट्ट्यानं मोठा आठ काढलेला असतो. पाय न टेकता त्यावरून गाडी न्यायची. साहेब सावलीत उभे होते, माझ्या नंबरला हात दाखवला.

मी निघाले. डावीकडचं वळण सुरेख घेतलं. मग आठाच्या कमरेपाशी आले, जिथून उजवीकडं जायचं असतं, आणि माझे हात आपोआप पुन्हा डावीकडं गेले. मी तोच गोल परत मारला. फार छान मारला. पाय टेकला नाही.

साहेबांनी जवळ बोलावलं. रागावले नाहीत. "ताई," ते म्हणाले, "आठ काढायचा होता. तुम्ही शून्य काढलंत."

मागं रांगेत उभी असलेली पोरं हसली. मीही त्या रांगेत असते तर हसले असते.

नवऱ्यानं मात्र मला थेट हॉटेलात नेलं. शेवभाजी मागवली, गरम रोट्या, वरून ताक. मोठ्या मनानं म्हणाला, "काय पडलंय त्या लायसनमध्ये? तुला कुठं रेस लावायचीय. कशाला नाद करून राहिलीस?" मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा त्यानं गुलाबजामही मागवले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या नापास होण्यानं या माणसाची भूक वाढायली आहे. त्याला आम्ही दोघी घरी यायला हव्या होत्या. तो काही वाईट करत नव्हता, फक्त आनंद लपवता येत नव्हता.

दुसऱ्या वेळी मी उजवीकडं वळले खरी, पण पाय टेकला. तिसऱ्या वेळी दोन्ही पाय टेकले आणि गाडी पायांनी ढकलत वळण पूर्ण केलं, जशी माणसं चिखलातून बैलगाडी काढतात. लातूरला परत आल्यावर मुलीनं विचारलं की मला काहीतरी कारण सांगावं लागायचं. पहिल्यांदा ऊन डोळ्यावर आलं होतं. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या गाडीचा ब्रेक कडक होता. तिसऱ्यांदा पट्ट्यावर खडी होती. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "माझ्या वेळी पण सुपरवायझर सारखा जवळ येऊन उभा राहायचा." आम्ही दोघी मान हलवायचो. दोन नापास माणसं एकत्र राहिली की एकमेकांची कारणं फार समजूतदारपणे ऐकतात.

तरी मी सोडत नव्हते. रोज सकाळी प्लॉटिंगला जायचे. पूर्वी जेवढ्या फेऱ्या मारायचे त्याच्या दुप्पट मारायला लागले. भाभी म्हणायच्या, ताई, तुमची जिद्द माननी पडेगी. मलाही ती मानावीशी वाटायची. पुढं काय, तर शिकाऊ लायसनची मुदत संपत आली होती आणि मुलीच्या क्लासच्या चाचणीचे मार्क होते तिथंच होते. तीही दुप्पट अभ्यास करत होती. एक दिवस भात ढवळता ढवळता ती म्हणाली की आई, मुदत संपली की तू परत काढणार आहेस का शिकाऊ? मला कळलं, ती माझ्याकडून नाही ऐकायला टपून बसलीय. मी म्हटलं, बघू. 'बघू' हा शब्द सोडण्याच्या किती जवळ असतो ते आम्हा दोघींनाही कळलं.

मग फोटोचं झालं.

परीक्षेच्या फॉर्मसाठी तिला पासपोर्ट फोटो हवे होते. चौकात पलीकडच्या बाजूला, उजव्या हाताला, फोटो स्टुडिओ होता. पाटी आमच्या बाजूनं दिसत होती. ती मागं बसली होती. मी सिग्नलला डावीकडं वळले. पुढच्या गल्लीत डावीकडं. मग शाळेच्या भिंतीला लागून डावीकडं. मग मोठ्या रस्त्याला लागून सरळ, आणि दुसऱ्या बाजूनं येऊन स्टुडिओसमोर गाडी लावली. व्यवस्थित लावली. मला वाटलं ती उतरेल.

ती उतरली नाही. मागूनच म्हणाली, "आई, दुकान समोर होतं."

"आलो ना आपण दुकानापाशी."

"क्लासला जाताना पण तू त्या मारुतीच्या देवळावरून जातेस. मंडईहून येताना पाण्याच्या टाकीवरून येतेस." ती थांबली. मनात नकाशा काढत असावी. "आई. तू उजवीकडं वळतच नाहीस. एवढे महिने तू नुसती डावीकडं वळायलीस."

मी म्हटलं काहीतरी बोलू नकोस. पण बोलता बोलता मीही मनात तपासत होते, आणि खरंच, एकही उजवं वळण सापडेना. गंजगोलाईकडं तर मी गाडी घेऊन कधी फिरकलेच नव्हते. गोलाई म्हणजे लातूरचा गोल बाजार. त्यात शिरलं की फेरी पूर्ण होईपर्यंत उजवीकडंच वळत राहावं लागतं. तिथं साखर चांगली मिळते हे माहीत असूनही मी कोपऱ्यावरच्या दुकानातून घेत होते आणि स्वतःला सांगत होते की गोलाईत गर्दी फार असते.

मुलगी स्टुडिओच्या पायरीवर बसून हसली. फोटोत तिचे डोळे लाल आलेत ते त्यामुळं.

मला राग आला होता, आणि राग आला की मला दुसऱ्याचं काहीतरी सापडेपर्यंत चैन पडत नाही. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले आणि कान तिच्या खोलीकडं लावले. ती मोठ्यानं बोलून अभ्यास करते. पाठ झालेलं असो नसो, सगळं तोंडानं चालतं. आधी झाडांची नावं आली, मग बेडकाची आतडी, मग रसायनांची समीकरणं, मग पुन्हा बेडूक. मग शांतता. रोज याच वेळेला शांतता असायची आणि मी समजत होते की आता ती खोल अभ्यासात गेली आहे. त्या खोलीतून कोणकोणते विषय ऐकलेत ते मी आठवत गेले. दोन-अडीच वर्षांत मी तिथून फिजिक्स ऐकलंच नव्हतं.

दार ढकललं. ती वहीवर हृदय काढत होती. चार कप्पे, लाल पेन, निळा पेन, सुंदर. तसलं हृदय ती डोळे मिटून काढू शकली असती.

"हे तुला येतं," मी म्हटलं.

"रिव्हिजन करायलेय."

"फिजिक्स?"

"ते उद्या."

"काल पण उद्याच होतं. तुझं फिजिक्स म्हणजे माझी गोलाई आहे."

तिनं पेन ठेवला. रडेल असं वाटलं, पण आमच्या घरात रडायच्या आधी भांडायची पद्धत आहे. "मला येत नाही ते, आई," ती म्हणाली. "गणितं सुरू केली की वेळ जातो आणि उत्तर येत नाही. बायो केलं की काहीतरी झाल्यासारखं वाटतं."

मलाही प्लॉटिंगला रोज काहीतरी झाल्यासारखंच वाटत होतं. भाभी हात वर करायच्या, मी परत फिरायचे. आम्ही दोघी मनापासून मेहनत करत होतो, घाम गाळत होतो, आणि जे येत होतं तेच पुन्हा पुन्हा करत होतो. भिंतीवरच्या डोंगर चढणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो बिचारा त्याच त्या टेकडीवर रोज चढत असेल.

"मला पण येत नाही," मी म्हटलं. "म्हणून उद्या सकाळी गोलाईला जायचं ठरवलंय. तू तेवढ्या वेळात गणितं कर. मोठ्यानं कर. मला आल्यावर भाभींच्या पोरीला विचारता येईल, ऐकू आलं का म्हणून."

"तू पडलीस तर?"

"पडले तर भर बाजारात पडेन. तू निदान खोलीत पडणार आहेस."

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आत मी आणि भाभी गोलाईत शिरलो. भाभी मागं बसल्या आणि माझ्या दोन्ही खांद्यांना घट्ट धरून काहीतरी पुटपुटायला लागल्या. दुवा मागत होत्या की मला शिव्या देत होत्या ते मी विचारलं नाही. उजवीकडं, उजवीकडं, उजवीकडं. गाडी आत ओढायची, मला वाटायचं आता आडवी होणार, व्हायची नाही. भाभी म्हणाल्या, "खाली नक्को देखो ताई, जिधर जाना है उधर देखो." एवढं एक वाक्य त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बाभळ वाचली असती, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही झुडपाकडं बघत होता.

रोज जायला लागलो. एका भांड्यांच्या दुकानाचे मालक शटर वर करता करता आमच्याकडं बघत राहायचे. चार-पाच दिवसांनी त्यांना राहवलं नाही. आम्ही समोरून जाताना त्यांनी हात केला आणि विचारलं, "ताई, काही हरवलंय का?" भाभी चालत्या गाडीवरून ओरडल्या, "राइट टर्न हरवलाय, मामा. सापडला की जातो." पुढच्या फेरीला त्यांनी चहा मागवून ठेवला होता. आम्ही थांबलो नाही, कारण थांबून परत निघायचं म्हणजे उजवा इंडिकेटर द्यायचा, आणि त्या दिवसापर्यंत मला दोन्ही एकदम जमत नव्हतं.

घरी परत आलं की जिन्यातच फिजिक्स ऐकू यायचं. सुरुवातीला ते फिजिक्स कमी आणि शिव्या जास्त असायच्या, आणि शिव्या शुद्ध दखनी. भाभी पायरीवर थांबून ऐकायच्या आणि म्हणायच्या, ये मेरी पोरीने सिखाया. मग हळूहळू शिव्या कमी होत गेल्या आणि आकडे वाढत गेले. मार्क लगेच वाढले असं मुळीच नाही. उलट पुढच्या चाचणीत आधीपेक्षा कमी आले, कारण बायोचा वेळ कमी झाला होता. तिनं तो कागद माझ्यापुढं टाकला आणि माझ्याकडं पाहिलं. मी त्या दिवशी गोलाईत एका हातगाडीला घासून आले होते आणि कोपराला हळद लावून बसले होते. मी नुसता कोपर वर केला. ती कागद उचलून आत गेली.

मुदत संपायच्या आठवड्यात मी नांदेडला गेले. नवऱ्यानं स्टँडवरच विचारलं की दुपारी कुठल्या हॉटेलात जाऊ या. मी म्हटलं आधी मैदानात चला.

साहेब तेच होते. त्यांनी मला ओळखलं. शून्य काढणाऱ्या बायका रोज येत नसाव्यात. मी गाडी सुरू केली. डावीकडचा अर्धा झाला, कमरेपाशी आले, जिकडं जायचं तिकडं पाहिलं आणि वळले. गाडी वळली. इतकी सहज वळली की थांबायचं माझ्या लक्षातच आलं नाही. मी दुसरा आठ काढला, मग तिसरा. साहेब सावलीतून बाहेर आले आणि दोन्ही हात वर केले.

"ताई, पुरे. एकच मागितला होता."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आनंद झाला होता, नाही असं नाही, पण माणूस हिशेबात चुकला की जसा दिसतो तसा दिसत होता. मी म्हटलं, चला, शेवभाजी. तो म्हणाला, "घरी खिचडी केलीय."

लातूरला परतले तर इमारतीच्या गेटवर फ्लेक्स. आमच्याकडं फ्लेक्सशिवाय काही होत नाही. वाढदिवस, निवड, बैलाची शर्यत, सगळ्याला फ्लेक्स. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी क्लासवाल्यांचे मोठमोठे फ्लेक्स होते, प्रत्येकावर हसऱ्या गुणवंतांचे फोटो आणि मार्क. त्यांच्या मधोमध आमच्या आयांनी माझा लावला होता. शिकाऊ लायसनवरचा फोटो, ज्यात मी कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखी दिसते, त्याला मागं गुलाबाची फुलं, आणि खाली: 'अखेर उजवीकडे वळल्याबद्दल नांदेडवाल्या ताईंचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : उदगीर, देगलूर, माहूर व समस्त जिना.' मजकूर माझ्या मुलीनं लिहिला होता. त्याच आठवड्यात लोह्याकडून एक गृहस्थ पोराला घेऊन क्लास बघायला आले होते. फ्लेक्ससमोर उभे राहून त्यांनी भाभींना विचारलं की या ताई कुठल्या क्लासच्या. भाभी म्हणाल्या, आमच्याच. त्यांनी फी विचारली.

आता मुलीला अभ्यास सोडायला कारण उरलं नव्हतं. मी सोडलं नव्हतं, म्हणून तिलाही सोडता येईना. एकदा म्हणाली की तू पास झालीस हा माझ्यावर अन्याय आहे. मी म्हटलं, अट तुझी होती.

परीक्षेच्या दिवशी मेमधलं ऊन होतं. केंद्र शहराच्या पलीकडं, वाटेत तीन चौक. मी तिला मागं बसवून नेलं. दुसऱ्या चौकात ती म्हणाली, गेटच्या आधी डावीकडून गेलीस तरी चालेल, घाई नाही. मी उजवीकडं वळले. गेटशी तिला सोडलं आणि इतर आयाबापांसारखी झाडाखाली देव आठवत बसले नाही. गोलाईत जाऊन साखर घेऊन आले.

संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा पहिलं वाक्य सुपरवायझरबद्दल नव्हतं, उन्हाबद्दल नव्हतं. म्हणाली, फिजिक्सला सगळं सोडवलं नाही, पण बसून राहिले नाही. मला तेवढ्यावरच कळलं की मार्क कितीही येवोत, ही आता भिंतीकडं तोंड करून झोपणार नाही.

मार्क वाढले. फिजिक्समध्येच वाढले. माणसांच्या डॉक्टरकीला थोडे कमी पडले, जनावरांच्या डॉक्टरकीला पुरले, आणि जागा मिळाली ती उदगीरला. तिच्या वडिलांनी फोनवर आधी कॉलेजचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, एवढं करून म्हैस? मुलीनं त्यांना सांगितलं की म्हशीच्या हृदयालाही चारच कप्पे असतात, ते मला डोळे मिटून काढता येतं. भाभींची पोरगी अजून एक वर्ष लातूरलाच राहणार होती, म्हणून भाभी मला म्हणाल्या, ताई, अदलाबदल झाली. तुमची माझ्या गावात, मी तुमच्या जिन्यात. मग आपल्या नणंदेचा नंबर दिला आणि सांगितलं की पोरीला जेवायला तिकडं पाठवत जा, मेसचं पचणार नाही.

खोल्या सोडल्या त्या दिवशी टेम्पोत कुकर, गाद्या, आणि पुस्तकं चढवली. पावसाची चिन्हं होती आणि वर झाकायला काही नव्हतं. गेटवरचा फ्लेक्स सोडवून घेतला. चांगला जाड होता, गाद्यांवर बरोबर पुरला. मुलगी म्हणाली, छापील बाजू आत कर. मी म्हटलं, आत केली तर शाई गादीला लागेल.

म्हणून लातूर ते नांदेड माझा तो मयतीचा चेहरा आभाळाकडं बघत गेला. अहमदपूरला चहाला थांबलो तर दोन माणसांनी टेम्पोला फेरी घालून वाचलं आणि ड्रायव्हरला विचारलं की ताई कुठून उभ्या आहेत. ड्रायव्हरनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी चहा घेत होते. मी त्यांना सांगितलं, मतदान झालं, निकाल लागलाय.

आता तो फ्लेक्स नांदेडला आमच्या अंगणात मी नंतर घेतलेल्या स्कूटीवर टाकलेला असतो. नवरा रोज सकाळी उठून छापील बाजू आत करतो. मी भाजीला निघताना तो काढते, गाडी उजवीकडं काढते आणि परत आल्यावर छापील बाजू बाहेर ठेवते.